दाराच्या आतलं नाव

दर रविवारी मिस्सा संपली की इनासकाका एक मेणबत्ती लावायचे आणि डोळे मिटून पुटपुटायचे, "देवा, केव्हला धडधाकट ठेव. त्याचे कान शाबूत ठेव, डोकं ठिकाणावर ठेव. इतक्यात नेऊ नकोस त्याला." चर्चमधल्या बायका कौतुकाने बघायच्या. फादरनी तर एकदा प्रवचनात त्यांचं उदाहरण दिलं, की वैऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी ते आपल्या इनासकडून शिका. काका मान खाली घालून ऐकत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फादर भोळा आहे, पोरी. मला तो केव्ह जिवंत हवाय. मेल्यावर मला त्याचा काय उपयोग?"

मी साताऱ्याची, हिंदू. चर्चमध्ये माझं काही काम नव्हतं. पण मी काकांच्या घरात मागच्या खोलीत राहायचे आणि रविवारी ते मला कॅफेच्या शिफ्टला सोडायचे, म्हणून शेवटच्या बाकावर बसून मीही ती प्रार्थना ऐकायचे. मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांचा पूर आला होता तेव्हाची ही गोष्ट. कुणी केस कापायला शिकत होतं, कुणी स्वयंपाक, कुणी माझ्यासारखं अकाउंटिंग. आणि सगळ्यांचा डोळा पीआरवर, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्यावर. सनशाइन नावाच्या उपनगरातल्या एकेका घरात आठ-आठ पोरं, हॉलभर गाद्या, बाथरूमबाहेर रांग. तशा एका घरात पंधरा दिवस काढून मी काकांकडे आले. त्यांनी दारातच विचारलं, "मासे चालतात?" मी म्हटलं, चालतात. "मग राहा."

काका मूळचे वसईचे. सत्तरीला टेकलेले, काटक, बोटं जाडजूड आणि नखांत कायमचं काळं. अंगणात त्यांची मोरपंखी रंगाची रॅम्बलर उभी असायची, लांबी एवढी की शेपूट फुटपाथवर यायचं. रॅम्बलर हे एका अमेरिकन गाडीचं नाव. तिकडे ते नाव बंद झालं, तरी पुढे काही वर्षं तिचे सुटे भाग पेट्यांतून इथे येत राहिले, आणि मेलबर्नमध्ये ते जोडून, स्टिअरिंग उजवीकडे घेऊन, गाड्या त्याच नावाने विकल्या जात होत्या. "आईबाप तिकडे मेले आणि पोर इथे वाढलं," काका म्हणायचे. त्या गाडीच्या तऱ्हा पुष्कळ. चढावर जोर लावला की वायपर दमायचे आणि उतारावर अंगात आल्यासारखे नाचायचे. पुढची सीट मागे पाडली की सरळ पलंग व्हायचा. भाड्याच्या घरातून काढलेला एक पंजाबी पोरगा त्या पलंगावर नऊ दिवस झोपला होता, आणि काका रोज सकाळी काचेवर टकटक करून त्याला चहा द्यायचे.

सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याचा काय जीव आहे गाडीवर! कसला जीव? रॅम्बलरवाल्यांचा एक क्लब होता, महिन्यातून एकदा कुठल्यातरी बागेत गाड्या घेऊन जमायचा, आणि त्यात शिरायला स्वतःची रॅम्बलर लागायची. म्हणून घेतली होती. मी दोन-तीनदा गेले त्यांच्याबरोबर. मजेशीर माणसं. एक आजी-आजोबा आपल्या मधुचंद्राला त्या पाडलेल्या सीटवर झोपत झोपत ॲडलेडपर्यंत गेले होते आणि अजून त्याच गाडीतून फिरत होते. एक जण मागच्या दिव्याच्या काचेसाठी आठ महिने अमेरिकेच्या टपालाची वाट बघत होता आणि ते अभिमानाने सांगत होता. काका मात्र कुणाच्या गोष्टीत रमायचे नाहीत. नवीन गाडी दिसली की जाऊन तिचं मागचं डावं दार बोटाच्या पेराने वाजवायचे, कान लावायचे आणि मालकाला विचारायचे, "काच नीट खालीवर होते का? मी बघतो. फ्री." मग स्क्रू काढून दाराच्या आतला रेक्झिनचा पुठ्ठा अलगद सोडवायचे, त्याची मागची बाजू बघायचे, दाराच्या पोटात हात घालून चाचपायचे आणि एक सुस्कारा टाकून सगळं होतं तसं बसवायचे. क्लबात त्यांचं नाव पडलं होतं 'डोअर मॅन'.

असं का, ते त्यांनी मला एका दुपारी बोंबील साफ करता करता सांगितलं.

काका पंचविशीत मुंबईच्या एका गॅरेजात तयार झाले. तिथल्या उस्तादाची एक शिस्त होती. गाडीचा जो भाग उघडाल, त्याच्या आतल्या बाजूला आपलं नाव आणि तारीख लिहायची. "बाहेर कंपनीचं नाव, आत आपलं," उस्ताद सांगायचा. ती सवय घेऊन काका मेलबर्नला आले आणि केव्ह नावाच्या माणसाच्या छोट्या गॅरेजात लागले. आपली माणसं तेव्हा इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. केव्हला ती सवय इतकी आवडली की त्याने गॅरेजचा नियमच केला. सगळे आत नाव लिहू लागले. काका मराठीत 'इनास' लिहायचे, इतर इंग्रजीत, आणि केव्ह स्वतः पिवळ्या खडूने नुसता मोठा 'के' काढायचा.

एकदा एक क्रीम रंगाची रॅम्बलर आली. मागच्या डाव्या दाराची काच अडकत होती. काका काम करत होते, केव्हने मध्येच येऊन ग्रीसने माखलेला हात दारात घातला, "असं नाही मेट, असं," करून दाखवलं आणि गेला. गाडी संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन गेलं. दुसऱ्या दिवशी केव्हच्या बोटात लग्नाची अंगठी नव्हती. त्याला आठवलं ते एवढंच, की हात धुताना काढून बेसिनवर ठेवली असेल, आणि शेजारी इनास होता. त्याने हवेचा कंप्रेसर बंद केला, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून. सगळ्यांना गोल उभं केलं. आणि स्वतःच्या हाताने काकांच्या पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढले.

"खिशात काय होतं?" मी विचारलं.

"जपमाळ," काका म्हणाले. "आणि रुमाल. मी म्हटलं, केव्ह, त्या दारात बघ, तू हात घातला होतास. तो हसला. म्हणाला, पोलिसांत देत नाही, माझा चांगुलपणा समज, निघ. चांगुलपणा!" त्यांनी बोंबलाचं डोकं असं काही कापलं की मी पाट मागे घेतला.

पण खरा घाव तो नव्हता. बातमी चर्चपर्यंत पोचली. आणि त्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, मार्थाकाकूने, जेवण वाढता वाढता विचारलं, "खरं सांगा, तुम्ही घेतली का हो?" बस्स, एवढंच. काका ताटावरून उठले. त्यांनी तिला उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. संसार केला, घर बांधलं, तिच्या आजारपणात रात्रंदिवस सेवा केली, पण उत्तर नाही. "तोंडाने सांगणार नाही. पुरावा हातात ठेवीन," हे त्यांच्या मनाने घेतलं. मी तिथे राहायला जायच्या सात वर्षं आधी काकू वारली, उत्तर न ऐकताच.

मला काकांचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "अहो काका, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं? एक शब्द! केव्हची शिक्षा तुम्ही काकूला दिलीत."

"तिने विचारायला नको होतं," ते म्हणाले.

"माणूस आहे, विचारणार!"

"केव्हने विचारलं तर विचारलं. तिने नाही." आणि बोंबलांना मीठ लावायला लागले. पुढे दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

केव्हला मात्र त्यांनी विसरू दिलं नाही. गॅरेज विकून तो ऑल्टनाला राहायला गेला, तो पत्ता काकांनी काढला. दर ख्रिसमसला त्याला एक कार्ड जायचं. वर बाळ येशू, तारा, मेंढरं. आत एकच ओळ, 'स्टिल लुकिंग. इनास.' अशी तेहतीस कार्डं. एका वर्षी मी पोस्टात टाकायला नेलं तेव्हा म्हटलं, निदान 'मेरी ख्रिसमस' तरी लिहा. म्हणाले, "ते छापलेलं आहे की वर."

त्यांचं एक तत्त्व होतं, ते मला फार उपयोगी पडलं. माझ्या कॅफेच्या सुपरवायझरने एकदा गिऱ्हाइकांदेखत मला झापलं, की तुम्ही लोक उरलेली पेस्ट्री पिशवीत घालून नेता. मी रडत घरी आले, नोकरी सोडते म्हटलं. काकांनी हातातला पेपर खाली ठेवला. "मी सोडली, तीच चूक केली. गेलो म्हणजे चोर ठरलो. तू उद्या वेळेच्या आधी जा, आणि चारचौघांत बोलला ना, चारचौघांतच परत घ्यायला लाव. कानात सॉरी म्हणाला तर घेऊ नकोस. कानातली सॉरी म्हणजे परत मारलेली थप्पड." मी गेले. त्याच काउंटरसमोर, गर्दीच्या वेळी, त्याला बोलायला लावलं. तो बोलेपर्यंत सोडलं नाही. अजूनही ते आठवलं की मला छान वाटतं.

आता ती गाडी. रॅम्बलर विकल्या जायच्या, रंग बदलायच्या, नंबर बदलायचे. पण दाराच्या आतलं नाव कोण बदलणार? एवढ्या आशेवर काका जगत होते.

मी तेव्हा कॅफेशिवाय जाहिरातींचे कागद घरोघरच्या पेटीत टाकायचं कामही करत होते. टार्निटला नवीन घरं होत होती. रस्त्याच्या एका बाजूला विटा आणि गिलावा, दुसऱ्या बाजूला अजून शेतं. एका शेतकऱ्याने जमीन घरांसाठी विकली होती आणि त्याची मुलगी पत्र्याची शेड रिकामी करत होती. आत गवताच्या गठ्ठ्यांमागे गाडीचं एक नाक दिसलं. माझा विश्वास बसेना. रॅम्बलरच. वर हिरवा रंग फासला होता, पण जिथे पोपडे उडाले होते तिथे खालून क्रीम दिसत होता. मी कागदांची पिशवी तिथेच टाकली आणि काकांना फोन लावला.

काका अर्ध्या तासात हजर. त्या बाईने, "गो फॉर युअर लाइफ," म्हणून खुशाल परवानगी दिली. काकांनी मागचं डावं दार वाजवलं, कान लावला. काहीच खुळखुळलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. तरी नेहमीसारखे स्क्रू काढले, पुठ्ठा सोडवला, उलटा केला. आणि ते खाली मातीतच बसले.

पेन्सिलीने, ठसठशीत मराठीत लिहिलं होतं: इनास. खाली तारीख.

मी दारात हात घातला. कोपरे, खाचा, तळाचं पन्हाळं, सगळं बोटांनी खरवडून काढलं. गंज, गवत, एक मेलेला कोळी. अंगठी नव्हती. तेहतीस वर्षं, आणि आत काही नाही! मला रडू यायला लागलं. आणि खरं सांगते, मनात पाप आलं. मी म्हटलं, "काका, एक जुनी अंगठी घेऊ. ग्रीस लावून आत टाकू. कुणाला कळणार आहे?"

काकांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तेव्हा चोर नव्हतो, आता होऊ?" मग ते पुठ्ठा उजेडात तिरका धरून बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वैजू, हे वाच," म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी मला नावाने हाक मारली.

त्यांच्या नावाखाली, धुळीने झाकलेला, पिवळा खडू होता. मोठा 'के'. पुढे इंग्रजीत, 'रॅटल, फिक्स्ड'. आणि तारीख. काकांच्या तारखेनंतर बरोबर तेवीस दिवसांची.

म्हणजे गिऱ्हाईक परत आलं होतं, दारात काहीतरी खुळखुळतंय म्हणून. केव्हने स्वतः दार उघडलं होतं. त्याला अंगठी सापडली होती. आणि गॅरेजच्या नियमाप्रमाणे, सवयीने हात चालला आणि त्याने आत आपली खूण केली होती. तेवीस दिवसांनी त्याला सगळं कळलं होतं, आणि त्यानंतर दर ख्रिसमसला तो 'स्टिल लुकिंग' वाचत होता. निर्लज्ज माणूस!

"काका, त्याच्या बोटात..."

"आहे," काका म्हणाले. "मी लांबून पाहिलीय कितीदा. मला वाटलं, नवी केली." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "शनिवारी तो बोल्स क्लबात असतो."

बोल्स क्लब म्हणजे पांढरे कपडे घालून म्हातारी माणसं हिरवळीवर जड चेंडू घरंगळवतात ती जागा. शनिवारी दुपारी आत बिअर, टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती, आणि तिकिटं काढून कच्च्या मांसाचं ताट जिंकायची सोडत. माइक हातात घेऊन सोडतीचे नंबर पुकारणारा जाडा, लालबुंद माणूस म्हणजेच केव्ह. काका इस्त्रीच्या पँटमध्ये, शेडवालीकडून मागून घेतलेला पुठ्ठा चादरीत गुंडाळून काखेत घेऊन, सरळ त्याच्यासमोर गेले. केव्हने त्यांना ओळखलं. माइकवर नंबर अर्धवट राहिला.

"टीव्ही बंद करायला सांग," काका त्याला इंग्रजीत म्हणाले.

"कशाला, मेट?"

"तू कंप्रेसर बंद केला होतास."

काउंटरमागच्या पोरीने काकांकडे बघितलं आणि कुणी न सांगता टीव्ही बंद केला. काकांनी पुठ्ठा टेबलावर मांडला, मांसाच्या ताटाशेजारी. "हे माझं नाव. हा तुझा 'के'. दोन्ही तारखा वाच. मोठ्याने."

केव्ह वाचेना. तेवढ्यात त्याची बायको जून पुढे आली. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. तिने चष्मा लावला, दोन्ही तारखा वाचल्या, 'रॅटल' वाचलं. मग नवऱ्याच्या बोटाकडे बघितलं. "तू तर म्हणाला होतास, ही तशीच दुसरी करून घेतली," ती म्हणाली.

"जून, लव्ह, नंतर बोलू."

"ह्यांची कार्डं मी कपाटात ठेवलीत सगळी. दरवर्षी तुला विचारलं, हा माणूस काय शोधतोय? तू म्हणायचास, डोकं फिरलंय त्याचं." तिने माइककडे बोट केलं. "त्यात बोल."

केव्ह बोलला. दोन वाक्यं. इनासने अंगठी घेतली नव्हती. ती मला सापडली.

"कधी?" काका म्हणाले.

"तीन आठवड्यांनी." माइक चालूच होता, ते सगळीकडे घुमलं. "तू निघून गेला होतास, इनास. परत बोलावून काय सांगणार होतो? सगळ्या पोरांसमोर माझी..."

"हो," काका म्हणाले. "तेच."

केव्हने माइक ठेवला आणि हात पुढे केला. मला वाटलं, संपलं आता, काका हात मिळवतील, आणि सगळे टाळ्या वाजवतील. काकांनी त्या हाताकडे नीट बघितलं, अंगठीसकट. मग स्वतःचे दोन्ही हात पँटच्या खिशांत घातले आणि दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले. पांढरं अस्तर लोंबायला लागलं. तसेच ते एकेका टेबलाशी क्षणभर थांबत, सगळ्यांना दिसेल असं, अख्ख्या क्लबातून फिरले. पुठ्ठा उचलला आणि बाहेर पडले. केव्हचा हात तसाच पुढे राहिला होता, आणि तो बघून मला जे सुख झालं ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. लोक म्हणतात माफ करावं. करा बाबा, ज्याला करायचंय त्याने करा.

त्यानंतर काकांनी केव्हसाठी मेणबत्ती लावली नाही. फादरनी विचारलं तर म्हणाले, "आता त्याचं तो बघेल." तो पुढे किती जगला कुणास ठाऊक, काकांनी चौकशी केली नाही. काका स्वतः अकरा वर्षं जगले. माझं लग्न, पॉइंट कुकचं घर, पोरगी, सगळं बघून गेले. रॅम्बलर त्यांनी क्लबातल्या त्या आजी-आजोबांच्या नातवाला दिली. पुठ्ठा माझ्या गॅरेजच्या भिंतीवर आहे. पोरगी विचारते, "आई, व्हॉट्स दॅट?" मी सांगते, नाव आहे.

पण त्या शनिवारी आम्ही सरळ घरी गेलो नाही. काकांनी गाडी कबरस्तानाकडे वळवली. खिसे तसेच बाहेर लोंबत होते. मी सांगणार होते, पण धीर झाला नाही. मार्थाकाकूच्या कबरीपाशी त्यांनी पुठ्ठा दगडाला टेकवून ठेवला, नावाची बाजू तिच्याकडे करून. क्लबात एवढं खणखणीत बोललेला माणूस, इथे त्यांचे ओठ नुसतेच हलत होते.

"नाही घेतली गं," शेवटी ते म्हणाले. "मार्था, मी नाही घेतली."

मग त्यांनी आधी एक खिसा आत ढकलला, मग दुसरा, आणि मला म्हणाले, "चल पोरी, तुला शिफ्टला उशीर होईल."